मशीन आडनाव विचारत नाही, पिनकोड विचारतं

आचोळे, नालासोपारा पूर्व, पिनकोड ४०१२०९. इथल्या चाळींमध्ये आणि वस्त्यांमध्ये मी गेली काही वर्षं आरोग्याचं काम करते. टीबीच्या पेशंटला गोळ्या बंद करू न देणं, बाळंतिणीची कागदपत्रं करून देणं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठलं ऑपरेशन बसतं ते शोधणं, असं सगळं त्यात येतं. या कामात गेल्या दोन-तीन वर्षांत एक बदल मला ठळक दिसतो. पूर्वी घरात गेलं की लोक प्लास्टिकच्या पिशवीतून जुने रिपोर्ट काढायचे. आता मोबाईल पुढे करतात. एका ॲपवर औषधं, दुसऱ्यावर रक्ततपासणी, तिसऱ्यावर व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर. तरुण पोरांच्या मनगटावर पावलं आणि ठोके मोजणारं घड्याळ. आणि ज्याला यातलं काहीच परवडत नाही तो चॅटजीपीटीला विचारतो, छातीत दुखतंय, काय करू?

रविवारी वंदनेनंतर विहारात मी हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, लोकांची सोय झाली. यात चळवळीचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो थेट आहे. ॲट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. पण आपल्या माणसाच्या शरीराची माहिती कुणाच्या ताब्यात जाते आणि त्या माहितीवरून त्याच्याबद्दल कोण काय ठरवतं, हा प्रश्नही तितकाच आपला आहे.

कोण कोण आलंय?

ॲमेझॉनने ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरूपासून भारतात औषधविक्री सुरू केली. त्याच महिन्यात रिलायन्सने नेटमेड्समध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. जून २०२१ मध्ये टाटा डिजिटलने वनएमजी ताब्यात घेतली. त्याच महिन्यात फार्मइझीने नवी मुंबईची थायरोकेअर विकत घेण्याचा करार केला, म्हणजे औषध विकणाऱ्याच्या हातात लॅबही आली. अमेरिकेत ॲमेझॉनने २०२३ मध्ये सुमारे ३.९ अब्ज डॉलर मोजून वन मेडिकल ही दवाखान्यांची साखळी घेतली. गुगलने २०२१ मध्ये फिटबिट घेतली, म्हणजे मनगटावरच्या घड्याळातून येणारी माहिती घेतली.

तारखा नीट बघा. आपण कोरोनात ऑक्सिजन आणि बेड शोधत होतो, तेव्हा हे सौदे होत होते. ज्यांच्याकडे आपली खरेदी, आपला पत्ता, आपण नेटवर काय शोधतो हे आधीच होतं, त्यांच्याकडे आता आपली शुगर आणि आपल्या गोळ्यांची यादीही जमू लागली आहे.

पण लोक तिकडे का जातात?

इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. लोक मूर्ख आहेत म्हणून ॲपवर जात नाहीत. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर नालासोपारा कसा फुगला ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. आजार थोडा गंभीर झाला की इथला माणूस विरार लोकल पकडून मुंबईला जातो, कांदिवलीच्या शताब्दीत, नायरला, केईएमला. म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. पेशंटसोबत एक माणूस गेला तर दोन रोज बुडाले. अशा वेळी कुणी घरी येऊन रक्त घेऊन जात असेल, तर घरकाम करणारी मावशी त्याला नाही का म्हणेल?

दुसरं कारण जास्त नाजूक आहे, आणि आपल्या लोकांना ते लगेच कळेल. माझ्या ओळखीतली एक मुलगी, नुकती बारावी झालेली. तिला पाळीचा त्रास होता. जवळच्या एका दवाखान्यात गेली तर डॉक्टरांनी तपासण्याआधी पूर्ण नाव विचारलं, मग कुठल्या चाळीत राहते ते विचारलं, मग स्वच्छता पाळा म्हणून पाच मिनिटं सुनावलं. पोट तपासलंच नाही. घरी येऊन तिने मोबाईलवर विचारलं. मला म्हणाली, "ताई, ते नीट बोलतं. आडनाव विचारत नाही."

या वाक्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. ज्या समाजाला वैद्य शिवत नव्हता, त्या समाजाच्या मुलीला मशीन माणसापेक्षा सभ्य वाटत असेल, तर दोष तिचा नाही. म्हणून "तंत्रज्ञान वाईट" असा लेख मी लिहिणार नाही. तो ज्यांच्या घरी फॅमिली डॉक्टर आहे त्यांनी लिहावा. माझा प्रश्न वेगळा आहे. आडनाव न विचारता मशीनला जात कळते का?

कळते, आणि कशी ते पाहा

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. तिथे दवाखाने आणि विमा कंपन्या एक संगणकी सूत्र वापरत होत्या. कोणत्या पेशंटला जादा देखभाल द्यायची हे ते सूत्र ठरवायचं. त्यात वंश कुठेही टाकलेला नव्हता. तरी सारखेच गुण मिळालेल्या काळ्या आणि गोऱ्या पेशंटमध्ये काळे पेशंट जास्त आजारी निघाले. कारण काय? सूत्र आजार मोजत नव्हतं, आजारावर झालेला खर्च मोजत होतं. काळ्या लोकांवर खर्चच कमी होत होता, म्हणून मशीनने निष्कर्ष काढला की हे कमी आजारी आहेत. संशोधकांनी हिशोब केला तेव्हा कळलं, की हा दोष काढला तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल.

आता हे आचोळ्यात आणून बसवा. आपल्या वस्तीतली बाई डॉक्टरकडे कधी जाते? उभं राहता येत नाही तेव्हा. तोवर मेडिकलमधून दोन गोळ्या. तिच्या आजाराची नोंद नाही, बिल नाही, रिपोर्ट नाही. खर्चावरून आजार मोजणारं मशीन तिच्याकडे बघून म्हणेल, तब्येत उत्तम! आणि वास्तव काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन विमेन'ने २०१८ च्या अहवालात भारतातल्या पाहणीच्या आधारे नोंदवलं, की दलित स्त्रीचं मृत्यूचं सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षं! एवढा मोठा फरक ज्या समाजात आहे, तिथली जुनी आकडेवारी मशीनला खाऊ घातली तर मशीन काय शिकेल? तोच फरक शिकेल, आणि पुढे त्याला विज्ञान म्हणेल.

मशीनला आडनावाची गरजच नसते. पिनकोड पुरतो. मोबाईल कितीचा आहे, रिचार्ज कितीचा मारता, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, एवढ्यावर बाकीचं जुळवता येतं. आपल्या देशात जात नकाशावर बसवलेली आहे. गावाबाहेरचा वाडा आणि शहरातली नाल्याकाठची चाळ हे जातीचेच पत्ते आहेत.

कोरोनात घरोघरी बोटाला लावलेलं ते ऑक्सिमीटर आठवतंय? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं काळ्या पेशंटच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा घडलं. त्या यंत्राचाही वर्णद्वेष करायचा हेतू नव्हता. बनवणाऱ्यांनी कुणाची कातडी समोर ठेवली, एवढाच प्रश्न होता.

मुंबईतलंच एक उदाहरण

अमेरिकेचं सोडा. मुंबईच्या 'अरमान' या संस्थेची 'एममित्र' नावाची मोफत सेवा आहे. गरोदर आणि बाळंत बायकांना फोनवर आरोग्याची माहिती ऐकवली जाते. चांगलं काम आहे. अडचण अशी, की बऱ्याच बाया हळूहळू फोन ऐकणं सोडतात. त्यांना माणसाने स्वतः फोन करून समजवावं लागतं आणि फोन करणारे कर्मचारी मोजकेच. इथे गुगलच्या भारतातल्या संशोधन विभागाने संस्थेला मशीन करून दिलं. या आठवड्यात कुठल्या बायकांना फोन करावा ते मशीन सुचवतं. सुमारे २३ हजार बायकांवर चाचणी झाली आणि गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली असं संशोधकांनी मांडलं. जात आणि धर्म यांची माहिती त्यात वापरली नाही, असंही त्यांनी सांगितलं.

या कामाला नावं ठेवायचं मला कारण नाही. उलट कंपनीची ताकद आणि वस्तीचं काम एकत्र आलं तर काय होऊ शकतं याचा हा बरा नमुना आहे. पण समाजशास्त्र शिकलेली बाई म्हणून मला त्यात एक गोष्ट दिसते. मशीनने टंचाई संपवली नाही, टंचाईची वाटणी केली. फोन करणारी माणसं कमी का आहेत? आशाताईला पुरेसं मानधन, नर्सची भरती, वॉर्डात दवाखाना, हे सगळं का नाही? हा प्रश्न मशीनला विचारता येत नाही. तो सरकारला आणि महापालिकेलाच विचारावा लागतो. "कमी माणसांत कसं भागवायचं" याचं उत्तर जितकं हुशार होत जाईल, तितका "माणसं कमी का" हा प्रश्न मागे पडेल, ही माझी भीती आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे का?

आता ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने डेटा संरक्षणाचा मसुदा दिला. त्यात आणि २०१९ च्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. त्या यादीत आरोग्याची माहिती होती आणि "जात किंवा जमात" हेही होतं. म्हणजे या देशात जात उघड झाल्याने माणसाचं नुकसान होतं, हे कायद्याच्या मसुद्याने मान्य केलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा प्रत्यक्ष आला, त्यातून हा वर्गच गायब झाला. आता तुमची एचआयव्हीची तपासणी, तुमची जात आणि तुम्ही मागवलेली चप्पल, या सगळ्या माहितीला कायद्याच्या लेखी एकच माप. यावर आपल्याकडे किती निषेध सभा झाल्या? मला एकही आठवत नाही.

माहिती बाहेर गेली तर काय होतं? अमेरिकेत गुडआरएक्स नावाची औषधांवर सूट देणारी कंपनी लोकांच्या औषधांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि गुगलला देत होती, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला १५ लाख डॉलर दंड भरावा लागला. ब्रिटनमध्ये लंडनच्या एका सरकारी रुग्णालयाने गुगलच्या डीपमाइंडला सुमारे १६ लाख पेशंटच्या नोंदी दिल्या. ते कायद्याला धरून नव्हतं, असं तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये सांगितलं. सरकारी तिजोरीही पक्की नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस कारभार पुन्हा कागदावर आला.

आमच्या चाळीतल्या एका मावशीने ऑफर बघून ॲपवरून तपासणी करून घेतली. शुगर जास्त निघाली. त्यानंतर महिनाभर तिला फोन येत होते. डाएट प्लॅन घ्या, विमा घ्या, मोठं पॅकेज घ्या, हप्त्यावर घ्या. तिने कुणालाही नंबर दिला नव्हता, म्हणाली. तिने "आय ॲग्री" दाबलं होतं. इंग्रजीत. तिला मराठीही जेमतेम वाचता येतं. याला संमती म्हणायचं असेल तर कोऱ्या कागदावर घेतलेल्या सावकाराच्या अंगठ्यालाही संमतीच म्हणावं लागेल.

"मग जातनिहाय जनगणना कशाला मागता?"

हा प्रश्न मला वादात विचारला गेलाय आणि तो चांगला आहे. आपणच म्हणतो आमची मोजणी करा. मग माहिती द्यायला का भ्यायचं?

फरक असा आहे. जनगणनेत राज्य मोजतं आणि त्या आकड्यावर आपण हक्क सांगतो. आकडा सगळ्यांसमोर येतो. त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. कंपनी मोजते तेव्हा आकडा तिच्या तिजोरीत राहतो आणि त्यावर ती आपली किंमत ठरवते. विम्याचा हप्ता किती, कर्ज द्यायचं की नाही, कुठल्या भागात सेवा द्यायची आणि कुठला भाग वगळायचा, हे ती ठरवते. कुठल्या आकड्यावरून ठरवलं ते विचारायला आपल्याला दारही नाही.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण मनगटावरचं घड्याळ. कंपनीत बसणाऱ्या साहेबाच्या मनगटावर ते त्याच्या हृदयाची काळजी घेतं. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं बांधली, तिथे ते हजेरी आणि जागा तपासतं. एकाच्या हातात ते आरोग्य आहे, दुसऱ्याच्या हातात मुकादम. आणि सफाई कामगार कोणत्या जातीचे असतात हे मी इथे सांगायची गरज नाही.

मोबाईलच्या रांगेत मागे कोण?

मे २०२१ आठवा. १८ ते ४४ वयोगटाला लस हवी तर कोविनवर नोंदणी करा. पोर्टल इंग्रजीत. स्लॉट सुटला की काही सेकंदांत संपायचा. विहारातली चार पोरं मोबाईल घेऊन बसायची आणि अख्ख्या वस्तीसाठी बटण दाबत राहायची. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट, त्यांना लस. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयालाही या डिजिटल दरीबद्दल सरकारला विचारावं लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या फक्त ३३.३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांत ५७.१ टक्के. घरातला एकच स्मार्टफोन नवरा कामावर घेऊन जातो. तिच्या गर्भाचा रिपोर्ट त्याच्या खिशात फिरतो.

आणि आमच्या आचोळ्याची आणखी एक गोष्ट. अग्रवाल नगरी भागातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला ते काम संपलं. जागा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि डम्पिंगसाठी राखीव होती. इमारती बांधून विकणारे वेगळेच, बेघर झाली ती कष्टकरी कुटुंबं. पत्ता गेला, शाळा बदलली, दवाखाना बदलला. ॲपला लागतो तो कायमचा पत्ता आणि चालू नंबर. आपल्या माणसाकडे नेमकं तेच टिकत नाही.

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे बघतील?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला मिळणारी विश्रांती हे राष्ट्राचं हित आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मागितलं, की विमा ही फक्त राज्याची मक्तेदारी असावी. राज्याने हात काढून घेतला की स्वातंत्र्य येतं, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथेच उत्तर दिलंय, की ते स्वातंत्र्य मालकाचं असतं, राबणाऱ्याच्या वाट्याला मालकाची हुकूमशाही येते. हे वाचल्यावर आरोग्याची माहिती कंपनीच्या ताब्यात द्यावी की नाही, याचं उत्तर वेगळं शोधावं लागत नाही. संविधानाचं ४७ वं कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. ते कर्तव्य कंपनीला आउटसोर्स करा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

आपण तर सोपाऱ्याची माणसं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या शिलालेखात अशोक सांगतो, की माणसांच्या आणि जनावरांच्या उपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी धम्म मानणाऱ्या राजाला हे राज्याचं काम वाटलं होतं.

मग करायचं काय?

मोबाईल फेकून द्या असं मी सांगत नाही. त्या बारावीच्या मुलीला मी ॲप काढून टाक म्हटलं नाही. तिला सोबत घेऊन दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. चळवळ म्हणून आपल्याला एवढं नक्की करता येईल.

एक, प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा मोबाईल आणि आरोग्य यावर तासभर बसा. परवानग्या कशा बंद करायच्या, कुठली माहिती द्यायची नाही, ते बायकांना हातात मोबाईल देऊन शिकवा. चौदा आकडी आभा नंबर ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणी उपचार नाकारत असेल तर लेखी मागा.

दोन, डेटा कायद्यात आरोग्य आणि जात यांना पुन्हा संवेदनशील माहितीचा दर्जा द्या, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. वकील आणि संगणक शिकलेल्या आपल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं.

तीन, सरकार किंवा महापालिका कुठल्याही कंपनीचं मशीन आरोग्यात वापरणार असेल तर त्याची तपासणी जातनिहाय, लिंगनिहाय झाली पाहिजे आणि ती जाहीर झाली पाहिजे. मशीन कुणाला वगळतं ते आकड्यांत दाखवा. करार मागवायला माहितीचा अधिकार आहेच.

चार, आणि सगळ्यात आधी, वॉर्डात दवाखाना, दवाखान्यात डॉक्टर, डॉक्टरकडे औषध. येत्या प्रत्येक निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला एकच विचारा, रात्री दोन वाजता आचोळ्यातल्या बाईला कळा सुरू झाल्या तर तिने कुठे जायचं? याचं उत्तर कुठल्याच ॲपकडे नाही. ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांच्याकडून ते घ्यायचं काम आपलं आहे.

जय भीम! जय संविधान!